थोरल्यांचं नाक

मामा: आधी एवढं सांग, हे गृहस्थ इथे असणार आहेत हे फोनवर का नाही बोललीस?

लेक: बोलले असते तर आला असतास, मामा?

मामा: नसतो.

लेक: म्हणूनच.

बाबा: मलासुद्धा कुठे सांगितलंस? मला म्हणालीस, थोरल्यांच्या कवटीला तडा गेलाय. संध्याकाळी माझा सत्कार, वर हॉलमध्ये खुर्च्या मांडतायत, मी भाषण अर्धं टाकून म्युझियमच्या या तळघरात धावत आलो. आणि बघतो तर काय, मेव्हणेबुवा!

लेक: कवटी शाबूत आहे, बाबा. तडा दुसरीकडे गेलाय. बसा.

बाबा: यांना विचार, चहा घेणार का. म्हणजे घेतील आणि जातील.

मामा: यांना सांग, मला थेट ऐकू येतं. कान हा माझा विषय आहे.

बाबा: यांना सांग, विषय आहे म्हणून अवयव चालतोच असं नाही. डाव्या कानानं कमी येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लेक: माझा टेलिफोन करू नका. आईचा केलात तेवढा पुरे झाला.

मामा: बरं, बरं. काय दाखवायचंय ते दाखव.

लेक: हा ठसा. तुम्ही दोघांनी मिळून काढलेला. एकमेकांना अरे-तुरे करत होतात तेव्हाचा.

बाबा: मी काढलेला. हे हाताखाली होते.

मामा: मी पुढून धरली म्हणून ती कवटी उभी तरी राहिली. हे मागून नुसते ओतत होते. ओततो काय, दूधवालासुद्धा.

लेक: थांबा, मला नीट जुळवू दे. थोरले म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं जनावर, त्यांची कवटी दोन फाकांत सापडली होती. तुम्ही फाका दोरीनं बांधल्यात, मेंदूच्या पोकळीत प्लास्टर ओतलंत, सुकल्यावर दोरी सोडलीत आणि आतून हा निघाला. थोरल्यांच्या मेंदूचा आकार. बरोबर?

बाबा: शाळेची सहल आल्यासारखं काय सांगतेस? या टोकाला वासाचा गोळा, मेंदूचा वास ओळखणारा भाग, हे पण सांग. शिकार करून खाणाऱ्या कुठल्याच सरपटणाऱ्या प्राण्यात एवढा मोठा वासाचा गोळा आजवर मिळालेला नाही.

लेक: मिळणारही नाही.

बाबा: म्हणजे?

लेक: तुम्ही इतकी वर्षं कवटी चिकटवून काचेत ठेवलीत. तिला हात लावू द्यायचा नाहीत. वरच्या रबरी मॉडेलला मापं हवी होती म्हणून या खेपेला ती माझ्या स्कॅनरपर्यंत आली. हा पडदा बघा. ही आतली पोकळी. इथे मेंदू संपतो. इथून पुढे नाकाची नळी, मेंदूचा काही संबंध नाही. आणि तुमचा गोळा आहे या नळीत.

मामा: थांब. परत म्हण. इकडून म्हण, या कानाकडून.

लेक: गोळा मेंदूचा नाही.

मामा: अहाहा! सार्थक झालं जन्माचं. मी घसा कोरडा करून सांगत होतो की ते जनावर ऐकून शिकार करायचं. नाक म्हणे! आणि वर त्या रबरी पुतळ्याच्या नाकपुड्यांत मोटर बसवलीय. पोरं जवळ गेली की हुंगतो. आत्ता येताना मलाही हुंगलं त्यानं.

बाबा: आवडला नसाल.

लेक: बाबा, माझं ऐका. आज वर मंचावरून हे तुम्हीच सांगायचं. दोन वाक्यं पुरेत. गोळा चुकला, मला आता कळलं. बस. सत्काराआधी तुमचा परिचय मी करून देणार आहे. तुम्ही सांगणार नसाल तर मला सांगावं लागेल.

बाबा: तू? माझ्या सत्कारात? माझी मुलगी?

लेक: मी इथे स्कॅनरवर बसते, बाबा. उद्या कुणी विचारलं की बाई, पडद्यावर दिसत होतं ना, मग तुम्ही काय करत होता, तर काय सांगू? वडिलांना हार घालत होते?

मामा: सांग, सांग. मी पुढच्या रांगेत बसतो. पण मला एक कळू दे, मेंदूचा नाही तर तो गोळा आहे कशाचा? मातीचा?

लेक: त्यासाठी ठसाही स्कॅन केला. आत काय आहे बघा. बारीक कड्या. एका कडीत दुसरी अडकवलेली. रांगेच्या रांगा.

बाबा: घड्या आहेत त्या! वासाच्या मज्जातंतूंच्या घड्या! त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय मी. ते वाचून लोक डॉक्टर झालेत.

लेक: दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट.

बाबा: हे काय?

लेक: वीण. बाबा, तो मोजा आहे.

बाबा: काय आहे?

लेक: पायमोजा. लोकरीचा.

मामा: कुणीतरी मला धरा. जगातलं सगळ्यात तिखट नाक, आणि त्यात मोजा! अगं, त्या बिचाऱ्याला वास कसला, श्वास घ्यायची पंचाईत! धन्य आहे. दाजी, कवटीत ओतण्याआधी माणूस कपडे तरी काढून ठेवतो हो.

बाबा: माझा नाही तो.

मामा: मग काय थोरल्यांचा? चार पाय होते, चार मोजे घालत असतील.

बाबा: मला लोकर चालत नाही. अंगावर चट्टे उठतात. ही लहानपणापासून बघतेय.

लेक: ते खरं आहे, मामा. आईनं बाबांना आयुष्यात एक मफलर केला होता. तो त्यांनी खुर्चीच्या पायाला बांधला, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून.

मामा: मग दुसरा कोण होता तिथे? ओतायला हे, आणि पुढून धरायला…

लेक: हं. पुढून धरायला कोण होतं?

मामा: धरली म्हणून मोजा माझा ठरत नाही.

बाबा: पुढून गळत होतं. आठवतंय मला. पांढरी धार लागली होती. मी ओरडलो, अरे काहीतरी कोंब!

मामा: ओरडला होता, हो. माझे दोन्ही हात कवटीला. सोडली तर तुकडे. कोंबायला माझ्याकडे होतं काय? एका पायानं दुसऱ्या पायातला बूट काढला, आणि मग…

लेक: आणि मग?

मामा: मग गळायचं थांबलं.

बाबा: मला वाटलं चिंधी असेल.

मामा: संध्याकाळी ओढून पाहिला मी. हलेना. म्हटलं, उद्या काढू. उद्या ताप भरला. दिवसभर एक पाय उघडा टाकून ओल्या फरशीवर उभा होतो, ताप नाही भरणार तर काय? बरा होऊन आलो तोवर दाजींनी शोध लावूनही टाकला होता.

लेक: आणि तुला तेव्हा मोजा आठवला नाही?

मामा: शोध केवढा मोठा होता, अगं. त्याच्या आत माझा मोजा असेल असं कसं मनात येणार?

बाबा: म्हणजे जन्मभर मी तुझा पाय हुंगत बसलो होतो!

मामा: ओरडू नका. अंगठा तुमच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे, त्याला मी काय करू? आणि झालं ते बरंच झालं. नाक गेलं, आता कान उरला. ठशावरचा माझा कान मोठाच आहे ना? सांग यांना.

लेक: मामा, कान पण त्यातलाच.

मामा: कशातला?

लेक: मोज्यातला. तू पुढून नाक बंद केलंस. बाबा मागून ओततच राहिले. मग प्लास्टर जाणार कुठे? कानाजवळच्या हाडाला चीर होती, तिथून बाहेर आलं आणि फुगलं. तू ज्याला कान म्हणतोस तो फुगवटा आहे. कवटीतली खरी पोकळी तुझ्या मापाच्या निम्मीही नाही.

बाबा: परत म्हण. मोठ्यानं म्हण. यांच्या उजव्या कानाकडून म्हण.

मामा: मग होतं काय त्याला? नाक नाही, कान नाही?

लेक: आहेत की. बेताचं नाक, बेताचा कान. डोळ्यांचं कवटीवरून धड सांगता येत नाही. समोर येईल ते खात असेल. तुम्ही दोघं एका बेताच्या जनावरावरून जन्मभर भांडलात.

बाबा: भांडलो म्हणजे… मतभेद होते. शास्त्रात असतात.

लेक: माझ्या वाढदिवसाला मामानं तुमच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, नाकाखाली चिरलेला कांदा धरला आणि तुम्ही सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालात, गुलाब. ते शास्त्र होतं?

बाबा: सर्दी झाली होती मला.

मामा: अजिबात नव्हती.

बाबा: आणि हे चर्चासत्रात बोलत होते, तेव्हा मी मागून हळू आवाजात 'गाढव' म्हणालो होतो. हे वळलेसुद्धा नाहीत. एवढा कानाचा पंडित!

मामा: ऐकलं होतं. वळून मान द्यावा असं वाटलं नाही.

लेक: त्या कांद्यानंतर मामाला घर बंद. मी सात-आठ वर्षांची. आई जिन्यात उभी राहून मामाला फोन करायची. फोनभोवती हात धरून, बाबांना आवाज जाऊ नये म्हणून. मी पायरीवर पहारा द्यायला. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया भावांशी जिन्यातच बोलतात.

मामा: झालं ते झालं. कशाला उकरतेस?

लेक: उकरणं हाच आपल्या घरचा धंदा आहे, मामा. हॉस्पिटलमध्ये तिनं तुम्हा दोघांना एकदम बोलावलं होतं. एका वेळी, एका खोलीत. तू खाली फाटकाशी उभा. म्हणालास, दाजींनी नाकाचं मागे घेतलं तर वर येतो. बाबा वर व्हरांड्यात. म्हणाले, त्यानं आधी कान पकडावेत. मी निरोप घेऊन खाली-वर करत होते. एकदा तुझा निरोप घेऊन वर गेले, तोवर आई गेली होती.

बाबा: ते… डॉक्टर म्हणाले होते अजून वेळ आहे.

लेक: हो. डॉक्टरपण आतलं बघून अंदाजच करतात.

मामा: ताईचा विषय इथे नको. मोज्याचं बोल.

लेक: तेच बोलतेय. गोळ्यावर एक वाकडी खाच आहे. बाबांनी शोधलेली. पाठ्यपुस्तकात बाबांच्या नावानं आहे ती. परीक्षेत मुलं आकृती काढतात, बाण काढून बाबांचं नाव लिहितात. मीही लिहिलंय.

बाबा: ती तरी खरी आहे ना?

लेक: खरी आहे. तो सुटलेला टाका आहे. टाच वळवताना आईचा एक टाका कायम सुटायचा. माझ्या प्रत्येक मोज्याला त्याच जागी भोक असायचं. मी शाळेत त्यातून पेन्सिल घालायचे.

मामा: ताईनंच विणला होता. मी नोकरीला लागलो तेव्हा. हे तेव्हा दाजी नव्हते, घरी येणारे माझे मित्र होते. आणि त्या टाक्यावरून मी चिडवलं होतं तिला. म्हणाली, हवा जायला ठेवलाय.

बाबा: माझ्या नावाची खाच म्हणजे…

मामा: बायकोचा सुटलेला टाका. लग्नाआधीचा. जगभर मिरवलास लेका, आणि तिला कधी एक शब्द नाही.

बाबा: मला काय माहीत? आणि तू कोण बोलणारा? आपला मोजा आपल्याला ओळखू येईना तुला! प्रत्येक परिषदेत त्याच गोळ्याकडे बोट दाखवून भांडत होतास.

मामा: गाढव आहोत आपण दोघं.

बाबा: आता ऐकू आलं का?

मामा: आलं, आलं. बघ, वळलो पण!

(आधी मामाच्या खांद्यांना हसू आलं, मग बाबांच्या पोटाला, आणि मग दोघं एकमेकांच्या गुडघ्यांवर थापा मारत, डोळे पुसत हसत राहिले. या दोघांना असं हसताना कधी पाहिलंय का, ते लेक आठवून पाहत होती. काही आठवेना. बाबांनी थर्मास उघडला आणि दोन कपांत चहा ओतला. तिसरा कप तिथेच होता. तो पालथाच राहिला.)

मामा: साखर नाही घालत तू?

बाबा: सोडली. तू अजून तसाच, बशीतूनच पितोस?

मामा: कागदाच्या कपाला बशी कुठून आणू? अरे, तुझ्या त्या गुलाबावरून मी किती वर्षं एकटाच हसतोय माहितेय? सांगायला माणूस नाही. ज्याला सांगावं तो तूच.

बाबा: गुलाबाचाच वास आला होता रे. शपथेवर.

लेक: मग ठरलं ना? तुम्ही सांगताय वर?

बाबा: काय?

लेक: मोजा.

बाबा: हे बघ बाळा. तुझ्याशिवाय हे कुणाला माहितेय?

लेक: अजून कुणाला नाही.

बाबा: छान. छान केलंस. घाई करायची नाही. शास्त्रात घाई नसते.

मामा: बरोबर बोलतोय तो. मोजा आहे हे अजून सिद्ध कुठे झालंय? मोज्यासारखं काहीतरी आहे, एवढंच म्हणता येईल.

लेक: मामा, तू आत्ता बूट काढल्याचं सांगितलंस.

मामा: म्हाताऱ्या माणसाची आठवण. तिच्यावर कोण विसंबतं? माझं कानाचं पुस्तक छापायला गेलंय गं. निदान ते येऊ दे.

बाबा: आणि वर मंत्री येतायत. रबराच्या नाकपुड्या हलतायत. मी काय सांगू, मोटर काढा? तू असं कर, मी गेल्यावर छाप.

मामा: आणि मी गेल्यावर.

लेक: म्हणजे वाट बघत बसू? आधी कोण जातंय ते तुम्हीच ठरवा, की त्यावरूनही मी खाली-वर करायचं?

बाबा: काय बोलतेस हे बापाला?

मामा: ताईला काय वाटलं असतं, याचा तरी विचार कर. आज तिचा नवरा आणि तिचा भाऊ शेजारी बसलेत. आणि तू तिच्याच हातच्या मोज्यानं त्यांना लोकांत उघडं पाडणार?

लेक: तिला हेच बघायचं होतं, मामा. तुम्हाला एका खोलीत चहा पिताना. त्याला तिचं मरण पुरलं नाही. तुमचा शोध बुडायची वेळ आली तेव्हा जमलं. केवढ्या पटकन जमलं!

बाबा: तू दमलीयस. रात्रंदिवस त्या यंत्रापुढे बसतेस.

लेक: ठीक आहे. नाही बोलत मी. एकच सांगा, मग विषय बंद.

मामा: विचार की! हे कसं, शहाण्या मुलीसारखं.

लेक: मोजा कोणत्या रंगाचा होता?

मामा: हा काय प्रश्न झाला?

लेक: तू पायात घालून हिंडत होतास. बाबा तेव्हा घरी येत होते, ती समोर विणत बसलेली असणार. बघायलाच येत होते ना तिला? सांगा.

मामा: निळा.

बाबा: छे! तपकिरी. तिला निळा आवडायचाच नाही.

मामा: माझ्या पायातला मोजा तू मला सांगणार?

बाबा: तो तुझा आहे हे तरी तुला कुठे माहीत होतं? आत्ता मी आठवण करून दिली म्हणून!

मामा: निळाच होता. गडद निळा.

बाबा: अरे, ती निळी लोकर विकतच घेत नसे!

मामा: शू! हळू. इकडे वाक. ती एकच विचारतेय, आपण दोघांनी एकच सांगू. म्हण, निळसर तपकिरी.

बाबा: असा रंग नसतो.

मामा: असा कानही नव्हता. तू म्हण रे.

बाबा: हं. तर, बाळा, आम्ही दोघांनी विचार केला. तो निळसर तपकिरी होता.

लेक: मी सुईनं गोळ्यातून एक धागा ओढून काढलाय.

बाबा: रंग राहिलाय त्याला?

लेक: राहिलाय.

मामा: मग? कोणता आहे?

लेक: सांगा ना, कवटीवरून. वास सांगितलात, आवाज सांगितलात. त्यामानानं हे सोपं आहे.

बाबा: अगं, असं काय करतेस? दाखव तरी.

लेक: वर दाखवीन. माझी परिचयाची वेळ झाली. पहिल्या रांगेत तुमच्या दोन खुर्च्या आहेत, शेजारी-शेजारी. सकाळीच ठेवायला सांगितल्यात. आलात तर बसा.

बाबा: थांब. अगं, थांब, बाळा! ए!

मामा: गेली.

बाबा: जिना चढली? की दाराशीच आहे?

मामा: मला काय विचारतोस? मला नाही ऐकू येत.

बाबा: माईकची खरखर येतेय वरून. टाळ्या पडल्या. आपण जाऊ या का?

मामा: जाऊन कुठे बघायचं? तिच्याकडे?

बाबा: तपकिरीच होता रे. मला डोळ्यांसमोर दिसतोय.

मामा: दिसत असेल.

बाबा: एक काम करू. दुसरा असेल ना तुझ्याकडे? जोडीतला. त्याच्यावरून कळेल लगेच.

मामा: तो तेव्हाच टाकला मी. एकटा मोजा ठेवून करायचं काय?